चिठ्ठीच्या मागं

कमळाकर काकानं पौर्णिमाला ते पुस्तक दिलं नव्हतं. मी दिलं.

एवढं वाक्य बोलायला मला चार वर्षं लागली. तोपर्यंत काका गेला. छातीत कळ आली, खोपोलीला नेईपर्यंत रिक्षातच संपला. अकराव्या दिवशी जलदानविधी आणि शोकसभा ठरली. आमच्यात शोकसभेला आजूबाजूच्या गावांतली माणसं येतात, एकेक जण उठतो, गेलेल्याबद्दल चार शब्द बोलतो, अमक्या गावच्या वतीनं आदरांजली वाहतो आणि खाली बसतो. बायका मागं बसतात आणि ऐकतात. मी ठरवलं, यावेळी उठायचं. सगळ्या वाडीसमोर सांगायचं, की तुमी ज्या माणसाला चार वर्षं नावं ठेवली त्यानं काय केलं नव्हतं.

पण आधी काका कोण होता ते सांगते.

काका साजगावला कागदाच्या कंपनीत होता. तिथं रद्दी येते, ट्रकच्या ट्रक, दाबून बांधलेले गठ्ठे. गठ्ठे फोडायचे, रद्दी निवडायची, प्लास्टिक, पिना, चकचकीत कव्हरं बाजूला काढायची, बाकीचं पट्ट्यावर टाकायचं. पट्टा ते पुढं हौदात नेतो, तिथं त्याचा लगदा होतो. काका बावीस वर्षं निवडायलाच होता. हाताला कायम कागदाचे चिरे. भाजीत मीठ कालवताना ओरडायचा.

त्या रद्दीत पुस्तकं यायची. मुंबई-पुण्याच्या घरांतली, बंद पडलेल्या वाचनालयांतली, आत कोणाकोणाची नावं. काका त्यातल्या कादंबऱ्या काढायचा. जुना सुपरवायझर चांगला होता, घेऊन जाऊ द्यायचा. हसायचा फक्त.

"काय रं कमळाकर, कचऱ्यात सोनं सापडलं का?"

"सोनं नाय साहेब, औषध हाय."

"कशावर?"

"चौदाव्या वर्षावर."

हे मी ऐकलेलं नाय, चंद्रभागा काकीनं सांगितलं. काकी म्हणजे त्याची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. ती म्हणायची, आमच्या घरात पाळण्याच्या जागी रद्दी आली.

काका फक्त बारा ते पंधरा वयाच्या पोरांना पुस्तकं द्यायचा. त्याचं म्हणणं असं, की लहान पोरांना राजाराणी हाय, मोठ्यांना नोकरीच्या परीक्षेची पुस्तकं हायत. मधल्यांना काय? ना धड पोर, ना धड माणूस. घरात कोण बोलत नाय, बोललं तर ओरडायलाच. शाळेत सर सांगतात थोरांची चरित्रं वाचा. काका म्हणायचा, "थोर माणसांचं वाचून पोरगं आणखी खचतं. त्याला वाटतं ह्यांनी दिव्याखाली अभ्यास केला आणि मी भावाला दगड मारला. त्याला दगड मारणाऱ्या पोराची गोष्ट पायजे."

विहारात एक लोखंडी कपाट मिळालं होतं त्याला. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असतं. वाचन झालं, शेवटचं सरणत्तय म्हणून झालं, मोठी माणसं घरी गेली, की काका कपाट उघडायचा. वर्षावास संपला की मग दर रविवारी.

मी तेरा वर्षांची असताना पहिल्यांदा गेले. आईनं ढकललं म्हणून. काकानं माझ्याकडं बघितलं आणि काय आवडतं, काय वाचलंय, असलं काय विचारलं नाय. तो सगळ्यांना एकच विचारायचा.

"कोणाचा राग येतो तुला?"

"सगळ्यांचा."

"मग जाडं लागेल."

आणि खरंच जाडं दिलं. एका सर्कशीतल्या पोरीचं होतं. ती दोरीवर चालते, आणि मालकाला रोज सांगते की उद्या मी पडणार. पडत नाय. पण रोज सांगते. मी दोन दिवसांत वाचलं. जेवताना वाचलं, संडासच्या रांगेत वाचलं. आईनं कालथा दाखवला तेव्हा गोधडीत घातलं.

परत द्यायला गेले तर काका बोलला, "राग गेला?"

"नाय."

"जायला नकोच. बरोबर कोणीतरी असलं म्हणजे झालं."

पुस्तकांना बहुतेक कव्हरंच नसायची. गठ्ठ्यात फाटलेली. नावं कोणाला माहीत नव्हती, म्हणून आमी पोरांनी आमची नावं ठेवली होती. विहीरवालं. म्हशीचं. बोटीतला मामा. रेडिओ. काका प्रत्येकाला दुधाच्या नायतर साडीच्या पिशवीचं प्लास्टिक कव्हर घालायचा, सुईदोऱ्यानं शिवायचा. बऱ्याच पुस्तकांना शेवटची पानं नसायची. तेव्हा तो सांगायचा, "वाचून झालं की ये, आपण शेवट ठरवू." मग पायरीवर बसायचं आणि भांडायचं. म्हशीच्या गोष्टीत म्हैस सापडते की नाय, यावर मी आणि शेजारचा सुमित एकदा इतकं भांडलो की सुमित रडला. काका बोलला, "दोघांचं बरोबर. तेजूची म्हैस सापडली, सुमितची नाय सापडली. प्रत्येकाची म्हैस वेगळी."

आणि प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी. ही काकाची खरी पद्धत. तो आधी स्वतः वाचायचा, सातवी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचायचा, आणि मग चिठ्ठी लिहायचा. गोष्ट काय हाय ते नाय लिहायचा. कोणाला द्यायची ते लिहायचा.

विहीरवाल्यात लिहिलं होतं, "ज्याच्या घरात दोन भाऊ बोलत नाहीत त्याला." रेडिओत, "ज्याला शाळेत ढ म्हणतात पण हात चांगला चालतो." बोटीतल्या मामात, "ज्याचा बाप पितो, पण त्याला बाप आवडतो." ही चिठ्ठी वाचून आमच्या आळीतला एक जण पुस्तक घेऊन गेला आणि महिनाभर परत द्यायला आलाच नाय. काकानं मागितलं नाय.

ही झाली चिठ्ठीची पुढची बाजू. मागच्या बाजूला पण लिहिलेलं असायचं. कोणाला देऊ नये ते.

मागची बाजू मी वाचायची नाय. मला धीर नसतो. अजून नाय. दुधाला उकळी येईपर्यंत उभी राहत नाय मी. काका सांगायचा, "तेजू, चिठ्ठी उलटी करत जा गं." मी म्हणायची, हो हो.

नववीत मी शाळा सोडली. वर्गात सर माझ्या आईच्या कामावरून काहीतरी बोलले, मी डस्टर फेकलं. लागलं नाय, भिंतीला बसलं. माफी माग म्हणाले, मी नाय मागितली. आता वाटतं मागायला पायजे होती का? नाय. अजून नाय वाटत.

घरात सगळे माझ्या नावानं खडे फोडत होते. काका आला, ओट्यावर बसला, आईनं दिलेला चहा प्यायला आणि बोलला, "शाळा सोडली ते सोडली. वाचणं सोडलं तर कानाखाली देईन." मग वय वाढवून सांगून मला कंपनीत लावली नाय त्यानं, अठरा होईपर्यंत थांब म्हणाला. तोवर मी खालापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात बसायची. आणि ज्या रविवारी काकाला ड्युटी असायची त्या रविवारी कपाटाची चावी माझ्याकडं.

मला वाडीत कोणी काडीची किंमत देत नव्हतं तेव्हा. शाळा सोडलेली, तोंडाळ. आणि हा माणूस मला चावी देत होता. पोरं माझ्यासमोर ओळीनं उभी राहायची आणि मी विचारायची, "कोणाचा राग येतो तुला?" मला काय वाटायचं ते मी सांगू शकत नाय.

अशाच एका रविवारी पौर्णिमा आली.

पौर्णिमा राकेश दादाची पोरगी. तेव्हा तेरा वर्षांची, सातवीत. तिची आई घर सोडून गेली होती, वीस दिवस झाले होते. वाडीला सगळं माहीत होतं. आई पळसदरीला धरणाजवळ एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची, एक दिवस गेली ती आलीच नाय. राकेश दादानं तिचं नाव घरात काढायचं नाय असं सांगितलं होतं.

मी विचारलं, "कोणाचा राग येतो?"

ती बोलली, "कोणाचाच नाय गं ताई. मला फक्त आठवण येते."

मी कपाटात शोधलं. मला एक चिठ्ठी आठवत होती. सापडली. "जिला आईची आठवण येते तिला." माझ्या मनात आलं, बघ, काकाला काय बरोबर लागतं. दिलं. ती छातीशी धरून गेली. मी चिठ्ठी उलटी केली नाय.

ते पुस्तक एका पोरीचं होतं. तिची आई शहरात हरवते आणि ती पोरगी एकटी शोधायला निघते. गल्ली गल्ली विचारत फिरते. शेवटची पानं नव्हती. आई भेटते का नाय ते त्यात नाय.

बुधवारी पौर्णिमा शाळेतून घरी आली नाय.

दोन दिवस वाडी वेड्यासारखी फिरली. पोरं डोंगरात गेली, बायका नदीला गेल्या. राकेश दादा खोपोली स्टेशनवर प्रत्येक गाडी बघत बसला होता, कोणी पाणी दिलं तर हातातच धरून ठेवायचा. मी पण फिरले. माझ्या डोक्यात पुस्तक आलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, नव्हतं आलं.

शुक्रवारी दुपारी नवशा मामा तिला घेऊन आला. नवशा ठाकरवाडीतला, त्याच फार्महाऊसवर राखणीला होता. पोरगी गाडीनं पळसदरीला उतरली होती, विचारत विचारत फार्महाऊसला गेली. तिथं मालक बदललेला, गेट बंद. ती गेटसमोर बसून राहिली. नवशानं बघितलं, घरी नेलं, त्याच्या बायकोनं जेवायला घातलं. पोरगी नाव सांगेना, गाव सांगेना. तिला वाटलं सांगितलं तर आई यायच्या आधीच घरी पाठवतील. शेवटी दप्तरातल्या वहीवर शाळेचं नाव बघून नवशानं गाव काढलं.

"दोन दिस गेटवरच बसली हो पोर," नवशा सांगत होता. "मी बोललो चल, तर बोलते, पुस्तकात अजून पानं हायत."

तेव्हा कोणाला काय कळलं नाय. मला कळलं, कुठलं पुस्तक ते.

पोरीला कोणी काय केलं नव्हतं. नवशानं डोळ्यात तेल घालून सांभाळली. पण दोन दिवस बाहेर राहिलेली पोरगी. वाडी ती वाडी. कोणी म्हणालं कोणाबरोबर गेली होती, कोणी म्हणालं आईवर गेली. राकेश दादाला दप्तरात पुस्तक सापडलं.

रविवारी विहारात मीटिंग. कमिटीचा अध्यक्ष वाल्मिक अण्णा. माणूस वाईट नाय. विहाराची फरशी त्यानं स्वतः डोक्यावर वाहिलीय. पण त्याला आधीपासून वाटायचं, कपाटात चरित्रं ठेवावीत, हे फाटके चोपडे कशाला.

राकेश दादानं पुस्तक मधोमध टाकलं. टाकताना चिठ्ठी बाहेर आली आणि माझ्या पायाशी पडली. उलटी. मागची बाजू वर.

काकाचं अक्षर. "ज्याची आई आत्ताच गेली त्याला नको. शेवट नाही, शोधायला निघेल. एक पावसाळा जाऊ द्यावा."

 सगळे बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं.

वाल्मिक अण्णानं विचारलं, "कमळाकर, हे पुस्तक पोरीला कोणी दिलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण काकानं माझ्याकडं न बघता खाली वाकून चिठ्ठी उचलली, खिशात घातली आणि बोलला, "मी दिलं."

"काका..."

"तेजू, पाणी आण गं जरा. घसा सुकलाय."

आणि मी पाणी आणायला गेले.

कोणी समोर बोललं तर डस्टर फेकणारी मी. माठ विहाराच्या मागं होता. तांब्या भरायला किती वेळ लागतो? मी तिथं उभी राहिले. धुतलेला तांब्या परत धुतला. मला वाटलं, आत्ता गेले आणि बोलले तर हे लोक माझं काय करतील, राकेश दादा माझ्या आईला काय बोलेल, आधीच शाळा नाय, वर हे. घाबरले मी. दुसरं काय नाय.

परत आले तेव्हा कपाटाची चावी वाल्मिक अण्णाच्या हातात होती.

राकेश दादा बाहेर जाताना काकाला बोलला, "तुला पोर नाय ना, म्हणून कळत नाय." काकी तिथंच बसलेली.  काका मी आणलेलं पाणी सगळं प्यायला. राकेश दादानं पुस्तक पाणी तापवायच्या बंबात घातलं, त्या संध्याकाळी धूर मी बघितला.

पौर्णिमाची शाळा सुटली. तिला पनवेलला आत्याकडं पाठवलं. पुस्तक कोणी दिलं ते तिला कोणी विचारलंच नाय.

दुसऱ्या दिवशी मी काकाला गाठलं. "मी सांगते. आजच सांगते."

"नाय सांगायचं."

"का? मी काय लहान हाय?"

"सतरा वर्षांची हायस. मला बोलतील ते मी घेऊन घरी जाईन आणि झोपेन. तुला बोलतील ते तू आयुष्यभर घेऊन फिरशील."

"पण चूक माझी हाय ना रं काका!"

 तो बोलला, "तुझी एकटीची नाय." मला वाटलं, समजूत काढतोय.

त्यानंतर लोक त्याच्याशी वाईट वागले असं नाय. जयभीम घालायचे. फक्त पोरांना त्याच्या ओट्यावर जाऊ द्यायचे नाय. एखादं पोर थांबलं तर आई हाक मारायची. काका संध्याकाळी ओट्यावर बसायचा, पोरं शाळेतून जायची, तो मान वर करायचा, मग खाली करायचा. वर्षावासाचं ग्रंथवाचन आधी तोच करायचा, दुसऱ्याकडं दिलं. तो मागं भिंतीला टेकून ऐकायचा, आणि संपलं की सवयीनं कपाटाकडं बघायचा.

अठरा झाल्यावर मी कंपनीत लागले. ठेक्यावर, निवडायलाच. काकाच्या शेजारी उभी राहायची. सुपरवायझर बदलला होता. आता गेटवर झडती, कागदाचा कपटा बाहेर नेला तर काम जायचं. काका तरी पुस्तक आलं की हातात घ्यायचा, चार ओळी वाचायचा आणि पट्ट्यावर ठेवायचा. टाकायचा नाय, ठेवायचा.

त्या उन्हाळ्यात विहाराला रंग लावायला काढला. खुर्च्या आणि स्पीकर ठेवायला कपाट रिकामं करायचं ठरलं. पुस्तकं भंगारवाल्याला दिली. आमाला कोणी विचारलं नाय, आमी ड्युटीवर होतो. भंगारवाल्याची रद्दी कुठं जाते ते वाडीत सगळ्यांना माहीत हाय. पण कोणाच्या डोक्यात आलं नसेल. नसेलच आलं.

आठवड्याभरानं एक गोणी फोडली तर त्यातून साडीच्या पिशवीचं प्लास्टिक दिसलं. सुईदोऱ्यानं शिवलेलं.

मी ओळखलं. काकानं तर आधीच ओळखलं होतं. सर्कस. रेडिओ. विहीर. शंभराच्या वर होती, सगळी एका ढिगात.

"काका, थांब, मी बोलते सुपरवायझरशी."

"काय बोलशील? गेटवर काय होतं ते माहीत हाय तुला."

"मग काय करायचं?"

"प्लास्टिक हौदात चालत नाय," तो बोलला. "काढायला पायजे."

आणि तो खाली बसला. स्वतःच्या हातानं शिवलेले टाके एकेक करून उसवायला लागला. कव्हर काढायचं, चिठ्ठी जेवणाच्या रिकाम्या डब्यात, झडतीत डबा उघडत नव्हते, पुस्तक पट्ट्यावर. मी पण बसले.  मागून मुकादम ओरडला, "ए कमळाकर, भाजी निवडतोस का? हात चालव!" काका बोलला, "चालवतो." म्हशीचं पुस्तक हातात आलं तेव्हा मला एवढंच बोलला, "तुझी म्हैस." आणि माझ्याकडं दिलं. मला ते पट्ट्यावर ठेवता येईना. त्यानं परत घेतलं आणि ठेवलं.

तेव्हा तरी मी विहारात जाऊन बोलायला पायजे होतं. रोज ठरवायची, रविवारी बोलते. रविवार यायचा, जायचा. काकाला वाटायचं मी विसरले. की वाटत नव्हतं, कोण जाणे. तो जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवायचा आणि पाठीमागं बसून काहीतरी लिहायचा. मी विचारलं तर म्हणाला, "जुनं काम राहिलंय." मला वाटलं ओव्हरटाइमचं काहीतरी असेल.

दोन वर्षं तो ते करत होता. मग गेला.

शोकसभेच्या आदल्या दिवशी मी पौर्णिमाला फोन केला. ती आता सतरा वर्षांची हाय, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली तिनं. म्हटलं, उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार हाय, तुझं नाव येणार. चालेल का?

 ती बोलली, "सांग. पण मी पळून गेले होते असं नको सांगू. मी शोधायला गेले होते."

शोकसभेला विहार भरला होता. काकी पांढऱ्या साडीत पुढं. एकेक जण उठत होता. कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, समाजासाठी झटले. पुस्तकांचं नाव कोणी काढलं नाय. चांगुलपणानंच काढलं नाय, मेलेल्या माणसाची चूक कशाला काढा. तेच मला सहन होईना. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्यांनी चूक म्हणून झाकून टाकलं होतं.

मी उठले. "मला बोलायचंय."

मागून आई पदर ओढायला लागली. वाल्मिक अण्णा बोलला, "तेजश्री, पोरी, आधी गावांची आदरांजली होऊ दे."

"मी पण गावातलीच हाय. पौर्णिमाला पुस्तक काकानं दिलं नव्हतं. काका त्या दिवशी ड्युटीला होता. मी दिलं. चिठ्ठीच्या मागं लिहिलं होतं देऊ नको, मी वाचलं नाय. तुमी विचारलं तेव्हा काकानं स्वतःवर घेतलं आणि मला पाणी आणायला पाठवलं, आणि मी गेले. आणि पौर्णिमा पळून गेली नव्हती. आई शोधायला गेली होती."

 राकेश दादा दाराशी उभा होता. तो माझ्याकडं नाय, काकाच्या फोटोकडं बघत होता.

वाल्मिक अण्णा हळू बोलला, "बस बाळा. पाणी पी."

"पाणी नको मला!" मी ओरडले. "पुस्तकं कुठं गेली ते विचारा. त्यानंच निवडली. त्याच हातानं. तुमी विकली ती त्याच्याच पुढ्यात आली."

वाल्मिक अण्णानं चष्मा काढला आणि पुसत बसला. पुसतच बसला. तो माणूस मला तेव्हा एकदम म्हातारा दिसला. राकेश दादा आत आला, काकीच्या समोर खाली बसला, आणि काय बोलावं ते न सुचून तिच्या पायाजवळची फरशी हातानं पुसायला लागला. काकी बोलली, "राहू दे रं. स्वच्छ हाय."

मला वाटलं होतं, बोलले की हलकं वाटेल. नाय वाटलं. ज्याच्यासाठी बोलले तो फोटोत.

लोक गेल्यावर काकी म्हणाली, "मला माहीत होतं गं. चिठ्ठी आणून दाखवली होती त्यानं." मग आतून एक बिस्किटाचा डबा आणला. "हे तुला द्यायचं म्हणाला होता. कपाट परत मिळालं की द्यायचं म्हणाला होता. आता काय मिळतंय."

डब्यात चिठ्ठ्या होत्या. पण जुन्या नाय, नव्या. जाड पांढऱ्या पुठ्ठ्याचे तुकडे, सारखे कापलेले. शंभराच्या वर. सगळ्या परत लिहिलेल्या. पुस्तकं लगदा होऊन गेली होती आणि हा माणूस दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या चिठ्ठ्या परत लिहीत बसला होता. आणि प्रत्येक चिठ्ठीवर, कोणाला देऊ नये ते आधी. पुढच्या बाजूला, पहिल्या ओळीत. मागची बाजू कोरी.

मी ती शोधली.

"ज्याची आई आत्ताच गेली त्याला अजून नको. शेवटची पानं नाहीत. एक पावसाळा जाऊ द्यावा. मग द्यावं, आणि वाचताना शेजारी बसावं." त्याच्या खाली, "महत्त्वाचं मागं लिहायला नको होतं. घाईच्या पोरांचा विचार केला नाही. चूक माझी."

तुझी एकटीची नाय, हे तो खरंच बोलला होता. समजूत काढत नव्हता. चार वर्षं त्याला असंच वाटत होतं.

काका, हे मला मान्य नाय. सुमितशी म्हशीवरून भांडले तशी तुझ्याशी यावरून भांडले असते. मागं लिहिलेलं होतं आणि मी वाचलं नाय. एवढीच गोष्ट हाय ती.

संध्याकाळी पौर्णिमाला फोन करून ती चिठ्ठी वाचून दाखवली. "चूक माझी" पर्यंत सगळी. पलीकडं रडायचा आवाज आला नाय, नुसता पनवेलच्या रस्त्याचा हॉर्न ऐकू येत होता.

मग ती बोलली, "एक पावसाळा लिहिलंय ना? चार झाले की गं ताई."

"पुस्तक नाय गं पौर्णिमा. कुठंच नाय आता."

"माहीत हाय," ती बोलली. "तू नुसती येऊन शेजारी बस."